आधी छप्पर बघा: समिट अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरांविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तिथला समिट अ‍ॅव्हेन्यू कॅथीड्रलपाशी सुरू होतो आणि पश्चिमेला मिसिसिपी नदीच्या काठावर संपतो. लांबी साधारण साडेचार मैल, म्हणजे सात किलोमीटर. 1860 च्या दशकापासून पुढची साठेक वर्षं शहरातल्या धनिकांनी इथे घरं बांधली आणि त्यातली बहुतेक अजून उभी आहेत. या रस्त्याबद्दल आणि अशा जुन्या घरांच्या देखभालीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: पुढच्या महिन्यात मुलीकडे जाणार आहोत, तेव्हा हा रस्ता पायी बघायचा बेत आहे. प्रत्येक घर वेगळ्या शैलीचं आहे म्हणतात. हातात पुस्तक न धरता शैली ओळखायची काही सोपी रीत आहे का?

उत्तर: आहे. घरासमोर उभं राहिलं की नजर आपोआप दारावर आणि नक्षीवर जाते, आणि तिथेच फसायला होतं. कोरीव लाकडी पट्ट्या, कठडे, पोर्चचे खांब हे सगळं त्या काळी कारखान्यात तयार होई आणि कॅटलॉग बघून मागवता येई. नंतरचा मालक ते काढून दुसरं लावू शकतो, आणि लावतोच. छपराचा आकार बदलायचा तर अख्खं घर उघडं टाकावं लागतं, म्हणून तो सहसा मूळचाच राहतो. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी छप्पर, मग भिंतीचं बांधकाम, मग खिडक्यांचा आकार आणि मांडणी. नक्षी सगळ्यात शेवटी.

छप्पर जवळजवळ सपाट वाटतंय, वळचण चांगली दीड-दोन फूट बाहेर आली आहे आणि तिच्याखाली ब्रॅकेटच्या, म्हणजे तिला आधार दिल्यासारख्या दिसणाऱ्या लाकडी तुकड्यांच्या, जोड्या ओळीने बसवल्या आहेत, तर ते इटालियानेट. काळ साधारण 1850 ते 1880. खिडक्या उंच, अरुंद आणि वरून कमानदार असतात. पुष्कळदा छपराच्या मध्यावर चारी बाजूंनी खिडक्या असलेली छोटी खोली असते. 432 क्रमांकाचं बरबँक-लिव्हिंग्स्टन-ग्रिग्ज घर हा याचा उत्तम नमुना. करड्या चुनखडीच्या दगडाचं हे घर 1862 मध्ये सुरू झालं. प्रवासी घोडागाड्यांच्या धंद्यात पैसा केलेल्या जेम्स बरबँकसाठी ते शिकागोच्या ओटिस व्हीलॉकने आखलं.

छपराची खालची उतरण भिंतीसारखी उभी, वरची सपाट, आणि त्या उभ्या भागातच खिडक्या बसवलेल्या, असं दिसलं तर ते मॅन्सार्ड छप्पर आणि शैली सेकंड एम्पायर. छपराला नाव मिळालं सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा मान्सारचं, शैलीला नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीचं. त्याच्या काळात, 1852 ते 1870 या वर्षांत, पॅरिसमध्ये हे छप्पर पुन्हा चालीत आलं. पोटमाळ्यात कुठेही न वाकता चालता येतं, हा त्याचा व्यवहारी फायदा.

पाखं तीन-चार दिशांना उतरली आहेत, प्रत्येकाची उंची वेगळी, कोपऱ्यात गोल किंवा अष्टकोनी बुरूज, त्यावर शंकूसारखं टोपण: क्वीन अ‍ॅन. इथे भिंतीही बघा. तळमजला विटांचा, वर लाकडी फळ्या, त्याहून वर माशाच्या खवल्यांसारखे लाकडी तुकडे, असा पोत मजल्यागणिक बदलतो. याउलट घर मधोमध उभं दुमडलं तर दोन्ही अर्धे एकमेकांवर बरोबर बसतील असं वाटलं, दार बरोबर मध्यात आणि दोन्हीकडे खिडक्या सारख्या, तर ते जॉर्जियन किंवा कलोनियल रिव्हायव्हल समजा. उंच, टोकदार त्रिकोणी दर्शनी भिंती आणि लांबून नजरेत भरणारी जाड धुराडी असतील तर ट्यूडर. 1006 क्रमांकाचं गव्हर्नरचं निवासस्थान या पठडीतलं आहे. लाकडाचे व्यापारी होरेस अर्व्हाइन यांच्यासाठी विल्यम चॅनिंग व्हिटनीने ते आखलं. 1912 मध्ये ते पूर्ण झालं आणि 1965 मध्ये कुटुंबाने राज्याला देऊन टाकलं.

त्याच 1912 सालचं, 2022 क्रमांकाचं बीबी घर मात्र कुठल्याच जुन्या देशाची आठवण काढत नाही. पर्सेल, फाइक आणि एल्म्स्ली यांचं हे प्रेअरी शैलीचं काम. साधा गिलावा, ओळीने लावलेल्या खिडक्या, नक्षी जवळपास नाहीच. दोन्ही घरं एका दिवशी पाहिलीत तर एकाच वर्षी दोन वास्तुविशारदांची डोकी किती वेगळ्या दिशांना चालली होती ते कळेल.

चालायला कॅथीड्रलकडून सुरुवात करा. रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत गेला, त्यामुळे जुनी घरं बहुतांशी पूर्व टोकाला आहेत आणि लेक्सिंग्टन या आडव्या रस्त्याच्या पुढे, जिथे रस्त्याच्या मधोमध हिरवळीचा रुंद पट्टा सुरू होतो, तिथून विसावं शतक लागतं. सगळे सात किलोमीटर पायी करायची गरज नाही. पहिल्या दीड मैलात बहुतेक प्रकार भेटतात, गव्हर्नरचं घरही त्यातच येतं. बीबी घर मात्र बरंच पुढे आहे, त्यासाठी गाडी घ्या.

एका घरात दोन शैली दिसल्या तर आपलं चुकलं असं समजू नका. क्वीन अ‍ॅन घराला दगडी रोमनेस्क (बुटकी, अर्धवर्तुळाकार) कमान ही तर नेहमीची जोडी. छप्पर आणि मांडणी सांगतील ते नाव द्यायचं, बाकीचं 'छाप' म्हणून सोडून द्यायचं. त्या काळच्या वास्तुविशारदांनी घरं बांधली, वर्गवारी पुढच्या लोकांनी केली.

प्रश्न: 240 आणि 260 ही शेजारची घरं बाप-लेकांची आहेत असं वाचलं. मग दोन्ही इतकी वेगळी कशी?

उत्तर: 240 हे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या जेम्स हिलचं घर, 1891 मध्ये पूर्ण झालेलं. 260 हे त्याचा मुलगा लुईस याचं, 1903 चं. मध्ये फक्त बारा वर्षं, पण तेवढ्यात श्रीमंतीची भाषा बदलली.

बापाचं घर रिचर्डसोनियन रोमनेस्क. बॉस्टनचा हेन्री हॉब्सन रिचर्डसन (1838 ते 1886) याने रूढ केलेली ही शैली: दर्शनी बाजू मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले दगडाचे मोठे ठोकळे, जमिनीलगत सुरू होणाऱ्या बुटक्या, रुंद अर्धवर्तुळाकार कमानी, खोल बसवलेल्या खिडक्या. हिलचं घर 36,000 चौरस फुटांचं आहे. त्यात 13 न्हाणीघरं आणि 22 शेकोट्या आहेत. आराखडा बॉस्टनच्या पीबडी, स्टर्न्स आणि फर्बर यांचा. मात्र पाथरवटांना दिलेल्या आपल्या सूचना त्यांनी डावलल्या म्हणून हिलने त्यांना मध्येच काढून टाकलं आणि काम दुसऱ्यांकडून पुरं करून घेतलं. हे घर आता मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे आणि आतून बघता येतं. त्याला वेळ ठेवाच.

मुलाचं घर क्लॅरन्स जॉन्स्टनने आखलेलं जॉर्जियन: लाल विटा, पांढरे खांब, सगळं समतोल. रिचर्डसन आधीच गेला होता आणि मधल्या काळात त्याच्या नकला गावोगावच्या कचेऱ्यांवर, शाळांवर चढल्या होत्या. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या पांढऱ्या, खांबांच्या इमारती लाखो लोकांनी पाहिल्या. त्यानंतर अवजड, काळपट दगडी घर नव्या पिढीला जुनाट वाटू लागलं. याच जॉन्स्टनने रोमनेस्कही केलं आहे, ट्यूडरही. या एका रस्त्यावर त्याची तीसहून जास्त घरं आहेत. म्हणजे शैली ही वास्तुविशारदाची सही नव्हती. गिऱ्हाईक मागेल ते तो देत होता.

दोन्ही घरांपुढे उभं राहून एकच गोष्ट ताडून बघा: भिंतीची बाहेरची कड आणि खिडकीची काच यांतलं अंतर. 240 ला काच इतकी आत आहे की खिडकीत सावलीचा जाड पट्टा पडतो, म्हणून भिंत आहे त्याहून जाड भासते. 260 ला काच भिंतीच्या बरीच जवळ, सावली बारीक, आणि घर त्यामुळे हलकं वाटतं. कमान किंवा खांब न बघताही दोन शैलींतला फरक या सावलीवरून सांगता येतो.

प्रश्न: क्वीन अ‍ॅन शैलीचा राणी अ‍ॅनशी संबंध काय?

उत्तर: जवळजवळ काहीच नाही. राणी अ‍ॅनची कारकीर्द 1702 ते 1714. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रिचर्ड नॉर्मन शॉ आणि त्याच्या बरोबरच्यांनी जुन्या इंग्रजी घरांवरून एक मोकळी शैली काढली, तिला हे नाव चिकटलं. अमेरिकेत पोचेपर्यंत तिला बुरूज, गोल फिरणारा पोर्च आणि रंगीबेरंगी लाकूडकाम जोडलं गेलं. राणीला यातलं काहीही ओळखता आलं नसतं.

प्रश्न: अशाच एका जुन्या वस्तीत आमचं 1870 च्या सुमाराचं इटालियानेट घर आहे. वळचणीखालचे लाकडी ब्रॅकेट काळे पडलेत, दोन तर हाताने हलतात. कंत्राटदार म्हणतो, सगळ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवू, पुन्हा रंगवायलाही नको. करावं का?

उत्तर: करू नका. रोग वर आहे, ब्रॅकेट ही फक्त जिथे तो दिसतो ती जागा.

या घरांची पन्हळ वळचणीला टांगलेली नसते. ती कॉर्निसच्या, म्हणजे वळचणीच्या बाहेर आलेल्या कडेच्या, पेटीतच बसवलेली असते, म्हणून खालून दिसत नाही. आत लाकडी नळी, त्यावर कथलाच्या मुलाम्याच्या पत्र्याचं किंवा तांब्याचं अस्तर. अस्तराचे डाग दिलेले जोड उकलले की पाणी बाहेर न पडता थेट कॉर्निसच्या पोटात जातं आणि ब्रॅकेटच्या मुळाशी साठतं. पत्रा चढवला तर ते पाणी आतच कोंडतं आणि कुजकं लाकूड दृष्टिआड होतं. पाचसहा वर्षांनी पत्र्यासकट तुकडा खाली येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

आधी तपासणी. मोठा पाऊस थांबल्यावर चार-सहा तासांनी वळचणीची खालची बाजू बघा. भिंत वाळली असूनही तिथे ओले ओघळ असतील तर अस्तर फुटलं आहे. मग शिडीवरून टोकदार आरी घेऊन प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या टोकाला, भिंतीलगत, टोचा. आरी पाव इंचाच्या आत अडली तर लाकूड शाबूत. अर्ध्या इंचाहून जास्त सहज गेली तर तो भाग गेला. रंगावर विसंबू नका. आतून भुसा झालेल्या लाकडावरही रंगाचा पापुद्रा सरळ उभा राहतो.

दुरुस्ती वरून खाली. जुनं अस्तर पूर्ण काढा, खालच्या फळ्यांतल्या कुजक्या बदला, उतार फुटाला किमान एक अष्टमांश इंच राहील असं बघा. पाणी तुंबण्याचं निम्मं कारण घर बसल्यामुळे गेलेला उतार हेच असतं. नवं अस्तर तांब्याचं, 20 औंसांचं घ्या, म्हणजे पत्र्याची जाडी साधारण 0.7 मिलिमीटर. फळ्या आणि तांबं यांच्यामध्ये राळ लावलेला गुळगुळीत कागद घाला, म्हणजे पत्रा सरकायला मोकळा राहील. इथेच बहुतेक कारागीर चुकतात. उणे 30 पासून 40 अंशांपर्यंत तापमान फिरणाऱ्या ठिकाणी 9 मीटर लांबीचं तांबं जवळजवळ 11 मिलिमीटर वाढतं-आखडतं. दोन्ही टोकं जखडलेली असली की हा ताण डागाच्या जोडावर येतो आणि तो दोन-तीन हिवाळ्यांत उकलतो. लांब पन्हळीत ताण खाणारा मोकळा जोड ठेवावाच लागतो. कंत्राटदाराला 'तो जोड कुठे देणार' एवढं एकच विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस बघा.

पन्हळ कोरडी झाल्यावरच ब्रॅकेटकडे वळा. मूठभर कुजलं असेल तर तेवढं कोरून इपॉक्सीने भरता येतं. वरचं टोकच गेलं असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. नवा तुकडा सहाही बाजूंनी प्राइमर मारून मगच बसवा, भिंतीकडची बाजू आणि कापलेलं टोक धरून. नेमक्या त्याच दोन बाजू कोऱ्या राहतात.

एक आणखी. समिट अ‍ॅव्हेन्यूसारख्या संरक्षित वस्तीत बाहेरून दिसणाऱ्या बदलाला शहराच्या वारसा समितीची मंजुरी लागते. तुमची वस्तीही तशी घोषित असेल तर काम सुरू करण्याआधी विचारा. पत्र्याला तिथे बहुधा नकारच मिळेल.

प्रश्न: शेजारच्यांनी विटांचं घर वाळूचा मारा करून साफ करून घेतलं आणि विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या. घर नव्यासारखं दिसतंय. आम्हीही तसंच करायच्या विचारात आहोत.

उत्तर: दोन हिवाळे थांबा आणि शेजारचं घर बघत राहा.

भट्टीत भाजताना विटेच्या अंगावर एक टणक साल तयार होते, पाणी रोखते ती हीच. वाळूच्या माऱ्याने काजळीबरोबर ही सालही जाते आणि आतला मऊ, सच्छिद्र भाग उघडा पडतो. वीट जास्त पाणी पिते, ते पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि विटेचा दर्शनी थर खपलीसारखा सुटतो. घडीव दगडाचंही तसंच, शिवाय पाथरवटाच्या टाकीचे घाव पुसले जातात ते वेगळंच. साफसफाई कमी दाबाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने करा, आधी मागच्या भिंतीवर हातभर जागेत करून बघा. चुनखडीच्या दगडाला आम्ल तर अजिबात नको, तो त्यात विरघळतो.

दरजांचं शास्त्र याहून साधं आहे. भिंतीत शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडणारच. दरज विटेपेक्षा मऊ असेल तर ते दरजेतून जातं, झीज दरजेची होते, आणि पन्नासेक वर्षांनी ती पुन्हा भरता येते. दरज सिमेंटची कडक असेल तर पाणी विटेतून वाट काढतं आणि झीज विटेची होते. वीट पुन्हा भरता येत नाही. जुनी दरज किल्लीने खरवडून बघा, भुगा पडला तर ती चुन्याची आहे.

मोकळी झालेली दरजच उकरा, घट्ट असलेली सोडून द्या. खोली दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट हवी, म्हणजे अर्ध्या इंचाच्या दरजेला एक ते सव्वा इंच. वरवर लिंपलेली दरज पहिल्याच थंडीत पट्टीसारखी निघून येते. उकरायला हातोडी आणि अरुंद छिन्नी. उभ्या दरजांत ग्राइंडर घालू देऊ नका, पातं हमखास वरच्या-खालच्या विटेत शिरतं आणि ती खूण कायमची राहते. मऊ जुन्या विटांना एक भाग भिजवलेला चुना, अडीच ते तीन भाग धारदार कणांची वाळू. जास्त पाऊस खाणाऱ्या भिंतीला थोडं सिमेंट चालतं: एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू. भरण्याआधी विटा भिजवा, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि दरज भुसभुशीत राहते. पाव-पाव इंचाचे थर द्या, अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका पहिला थर घट्ट झाला की दुसरा. नंतर ओल्या गोणपाटाने किमान तीन दिवस झाकून ठेवा. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर हे काम हातीच घेऊ नका.

प्रश्न: ट्यूडर घरांवरच्या काळ्या लाकडी पट्ट्या खऱ्या असतात का?

उत्तर: लाकूड खरं, काम खोटं. मूळ इंग्रजी घरात त्या तुळया आणि खांब असत, सगळा भार त्यांच्यावर, मधल्या जागा नंतर भरलेल्या. विसाव्या शतकातल्या बहुतेक नकलांत इंचभर जाडीच्या फळ्या गिलाव्यावर ठोकलेल्या असतात. ओळखायचं तर जिथे दोन पट्ट्या भेटतात ती जागा बघा. खऱ्या सांध्यात लाकडी खुंट्यांची टोकं दिसतात आणि पट्टी घराच्या कोपऱ्यावर वळल्यावरही तेवढीच जाड असते. खोट्यात फळी कोपऱ्याला पातळ दिसते आणि कडेला खिळ्यांचे ठिपके असतात. देखभाल करताना फळीच्या वरच्या कडेची फट सीलंटने बंद करा, खालची मात्र उघडी ठेवा. दोन्ही बुजवल्या की मागे गेलेलं पाणी तिथेच राहतं.

प्रश्न: फोटो कधी काढावेत?

उत्तर: या रस्त्यावर सम क्रमांकाची घरं दक्षिण बाजूला आहेत, म्हणजे त्यांचा दर्शनी भाग उत्तरेकडे आणि दिवसाचा बराच वेळ सावलीत. कॅथीड्रलजवळ रस्ता तिरका जातो, त्यामुळे 240 आणि 260 ला उन्हाळ्यात दुपार कलल्यावर बाजूने ऊन मिळतं. ओबडधोबड दगडाचा उठाव तेव्हाच दिसतो, समोरून आलेल्या प्रकाशात तो सपाट होतो. विषम क्रमांकांना सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जा. छपरं टिपायची असतील तर एप्रिलची सुरुवात किंवा ऑक्टोबरची अखेर गाठा, एरवी झाडांचा पाला आड येतो. यातली बहुतेक घरं राहती आहेत. पदपथावरून हवे तेवढे फोटो काढा, पोर्चच्या पायऱ्या मात्र चढू नका.